शंभर बायकांचं चित्र

एप्रिल संपत आला की जळगावात सकाळी नऊलाच उन्हाकडे बघवत नाही. कूलरच्या वाळ्यावर पाणी मारलं की जो ओला, गवती वास सुटतो, तो घरभर पसरतो. मग माझा हात आपोआप पोटावर जातो. आता तिथे काही नाही. तरी जातो, आणि मी मनात मोजायला लागते. एक. दोन. मग भानावर येते आणि हात काढून घेते.

त्या उन्हाळ्याला आता काही वर्षं झाली. पण उन्हाळा हा असा ऋतू आहे की तो जुना होत नाही. गच्चीवर तेच पापड वाळत असतात, डांबर तसंच चपलेला चिकटतं, डाळमिलच्या बाजूने वारा आला की तुरीच्या फोलपटांची तीच धूळ घशात बसते. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. रिक्षावाले कडुनिंबाखाली रिक्षा लावून मागच्या सीटवर पाय दुमडून झोपतात. असं सगळं शांत झालं की मला अजूनही भीती वाटते.

मी चित्रं काढते. माझे अब्बा दुकानांच्या पाट्या रंगवायचे, गाड्यांच्या नंबर प्लेटा रंगवायचे. मी बी.एस्सी. झाले आणि एका छापखान्यात लग्नपत्रिका करू लागले. तिथे धुळ्याच्या देवरे मॅडम कुठल्याशा परिषदेसाठी पोस्टर करून घ्यायला आल्या. मॅडम डॉक्टर, कॉलेजात शिकवणाऱ्या, संशोधन करणाऱ्या. पोस्टरमधली एक आकृती मी माझ्या मनाने सोपी केली होती. मॅडम चष्मा वर करून बराच वेळ ती बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "शाहीन, तुला हे कळलंय. नुसतं काढलेलं नाहीस तू." तेव्हापासून मी त्यांचं आणि त्यांच्या ओळखीच्या प्राध्यापकांचं काम करते.

काम असं, की पंधरा-वीस पानांचा शोधनिबंध असतो. तो कोणी पूर्ण वाचत नाही. त्याचं एका पानात चित्र करायचं. कोणाला विचारलं, काय दिसलं, त्यातून काय समजायचं. याला व्हिज्युअल अॅबस्ट्रॅक्ट म्हणतात. आमच्या घरात त्याला 'मॅडमचं चित्र' म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं, पण जोखमीचं काम आहे ते. निबंधात दहा ठिकाणी 'कदाचित' असतं, 'असं दिसतं' असतं. चित्रात 'कदाचित' काढता येत नाही. सुरुवातीला एकदा मी दोन चौकटींमध्ये सरळ बाण काढला होता. मॅडमनी फोन केला.

"हा बाण कोणाला विचारून काढलास?"

"मॅडम, निबंधात लिहिलंय की या दोन गोष्टी बरोबर दिसतात."

"बरोबर दिसतात. एकीमुळे दुसरी होते असं लिहिलंय का? अगं, लोक वाक्य विसरतात, बाण विसरत नाहीत. बाण काढायचा तर शपथेवर काढल्यासारखा काढायचा."

तेव्हापासून मी बाणाला घाबरते.

त्या वर्षी मला सातवा महिना होता. पहिलंच बाळंतपण. आमची खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याची. खाली अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई. माझा नवरा वसीम पाईपच्या कारखान्यात, सकाळी जायचा तो संध्याकाळी यायचा. मॅडमना मी पोटाचं सांगितलं नव्हतं. फोनवरून पोट दिसत नाही, आणि सांगितलं तर त्या काम देणार नाहीत अशी भीती होती.

एके दिवशी नवा निबंध आला. मी बादलीत पाय सोडून बसले आणि वाचायला लागले. विषय होता तीव्र उन्हाळा आणि गरोदर बायका. मॅडम आणि त्यांच्या विद्यार्थिनी गावोगावी फिरल्या होत्या. बायकांना विचारलं होतं, घर कसलं, छप्पर कसलं, पाणी कोण भरतं, दुपारी चूल पेटवता का, पंखा किती वेळ चालतो. आणि मग लिहिलं होतं की फार तापलेल्या आठवड्यांमध्ये काय काय जास्त दिसलं. मुलं वेळेआधी आली. काही मुलांची हालचाल पोटातच मंदावली. काहींची थांबली.

मी पाय बादलीतून काढले. पाणी कोमट झालं होतं.

कोणाला विचारलं, त्या भागाचं टिपण काढायला मी वही घेतली. पत्र्याचं छप्पर, लिहिलं. खालून वर पाणी आणणं, लिहिलं. दुपारचा स्वयंपाक, लिहिलं. मग वही मिटून ठेवली. त्या यादीत माझं नाव तेवढं नव्हतं.

त्या दिवसापासून मी मोजायला लागले. बाळ किती वेळा हललं, सकाळी किती, दुपारी किती. कोणाला सांगितलं नाही. वसीमला सांगितलं असतं तर त्याने काम बंद करायला लावलं असतं. अम्मींना सांगायची तर हिंमतच नव्हती. आम्ही घरात हिंदी-उर्दू बोलतो, इथे मी सोयीसाठी बरंचसं मराठीत लिहितेय. अम्मींचा एक नियम होता, भरल्या पोटी वाईट ऐकू नये, वाईट बघू नये, वाईट बोलू नये. बोललं की होतं. आणि मी तर दिवसभर तेच बघत होते, तेच काढत होते. जिन्यावर त्यांची चप्पल वाजली की मी स्क्रीनवर लग्नपत्रिका उघडायचे.

"दुल्हन, किसकी शादी आहे? चार दिवस तीच पत्रिका."

"पार्टीला रंग पसंत पडत नाही, अम्मी."

त्या पन्ह्याचा पेला ठेवायच्या, माझ्या कपाळावर हात ठेवायच्या आणि जायच्या. त्यांचा हात नेहमी थंड असायचा, उन्हाळ्यातसुद्धा. मला वाटायचं, आता सांगावं. आणि शब्द ओठापर्यंत आला की बाळ हलायचं, मग मी गप्प बसायचे. आत्ता ठीक आहे ना, मग कशाला तोंडातून काढायचं. मी विज्ञान शिकलेली बाई, पण त्या उन्हाळ्यात मी अम्मींपेक्षा जास्त मानत होते सगळं.

चित्राच्या मधोमध शंभर बायका काढायच्या होत्या. आमच्याकडे ही पद्धत आहे, टक्के लिहिण्यापेक्षा शंभर माणसं काढायची आणि जितक्यांना झालं तितकी रंगवायची. लोकांना आकडा कळत नाही, पण शंभरातली किती ते डोळ्याला कळतं. मी एक बाई काढली. डोक्यावर पदर, पुढे आलेलं पोट, एक हात कमरेवर. चांगली जमली. मग तिच्या शंभर प्रती केल्या, दहाच्या दहा ओळी. सगळ्या पांढऱ्या. आता त्यातल्या काही रंगवायच्या. किती, ते निबंधात होतं. कोणत्या, ते कुठेच नव्हतं.

माऊस पहिल्या ओळीतल्या पहिल्या बाईवर नेला. नुसतं एक बटण दाबायचं. पण मला वाटलं, मी बोट दाखवतेय. ही. हिचं. मी दुसऱ्या बाईवर गेले. तिथेही तेच वाटलं. शेवटच्या ओळीत गेले. सगळ्या सारख्याच होत्या, कोणीच काही केलं नव्हतं. मी फाईल तशीच ठेवून उठले आणि गच्चीवरचे पापड उलटायला गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले, पुन्हा उठले. तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन.

"बाकी सगळं छान झालंय. बायका कोऱ्या का ठेवल्यास?"

"लाल रंग भडक वाटतोय मॅडम, दुसरा बघतेय."

"लाल नकोच. लाल म्हणजे धोका. बाई धोका नाही, बाईला धोका आहे. हळदीसारखा घे एखादा." मग म्हणाल्या, "तुझा आवाज असा का येतोय?"

"कूलर चालू आहे मॅडम."

कूलर बंद होता. लाईट गेलेली होती.

तो दिवस मला तासातासाने आठवतो. शुक्रवार होता. वसीम सकाळी गेला. आठ वाजता बाळ हललं होतं, हे नक्की, कारण तेव्हा मी चहा घेत होते. मग धुणं, मग दोन घागरी वर, मग खाली स्वयंपाक. अकराला लाईट गेली. जेवण झाल्यावर मी वर येऊन पडले आणि लक्षात आलं की मी मोजलेलं नाही. मोजण्यासारखं काही झालंच नव्हतं.

मी डाव्या कुशीवर झाले. माठातलं गार पाणी प्यायले, दोन पेले. असं केलं की ते हलतं, हे मला माहीत होतं. थांबले. पत्रा तापून टक्-टक् वाजत होता. उशी गरम होती, भिंत गरम होती, अंगावरची ओढणी नुकती इस्त्री केल्यासारखी गरम होती. पोटावर बोटांनी टकटक केलं. गुळाचा खडा खाल्ला. पुन्हा थांबले. आत काहीच नाही. बाहेरही काही नाही, ना माणूस, ना पाखरू. समोर टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि त्यावर शंभर बायका कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

मी वसीमला फोन लावला नाही. अम्मींना हाक मारली नाही. मी मॅडमना फोन लावला. त्यांना निबंध माहीत होता म्हणून असेल.

"मॅडम, मला सातवा महिना आहे."

पलीकडे एकदम दुसराच आवाज, डॉक्टरचा. "शेवटचं कधी हललं?"

"सकाळी आठला."

"आता अडीच वाजलेत. अगं पोरी. घरात कोण आहे?"

"अम्मी."

"चित्र जाऊ दे चुलीत. अम्मींना घे आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. ऊन उतरायची वाट बघू नकोस. तिथे पोहोचलीस की मला फोन करायला सांग तिथल्या डॉक्टरांना."

मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून "अम्मी" एवढंच म्हणाले. त्यांनी वर बघितलं. मला वाटलं होतं त्या विचारतील, काय झालं, केव्हापासून, बोलली का नाहीस. त्यांनी काहीच विचारलं नाही. उठल्या, बुरखा घातला, ओला पंचा माझ्या डोक्यावर टाकला आणि माझ्याआधी रस्त्यावर जाऊन झोपलेल्या रिक्षावाल्याला उठवलं.

रिक्षातला वारा तव्यावरून आल्यासारखा होता. अम्मी माझा हात धरून दुआ म्हणत होत्या. त्यांचा थंड हात त्या दिवशी घामाने निसटत होता. रिक्षावाला सिग्नलला थांबला नाही. मला आठवतं, दुभाजकावरची कण्हेर फुललेली होती आणि मला तिचा राग आला होता.

दवाखान्यात एक नर्सबाई होत्या, धुळ्याकडच्या, वयस्कर. त्यांनी मला पलंगावर घेतलं, पोटाला गार जेल लावलं आणि यंत्राचा तो लहान गोळा फिरवायला लागल्या. नुसती खरखर. त्यांनी जागा बदलली. खरखर. अजून थोडं खाली. मी छताकडे बघत होते. त्या खरखरीत किती वेळ गेला हे मला आजही सांगता येत नाही. अम्मींनी दुआ थांबवली होती. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, नर्सबाईंच्या तोंडाकडे बघत होत्या.

आणि मग एकदम आलं. टपटपटपटप.

"आइक वं माय," नर्सबाई म्हणाल्या, "कसा घोडा पयस, तसं वाजी ऱ्हायनं. घाबरू नको. जित्तं शे."

घोडा पळावा तसं वाजतंय, जिवंत आहे. अहिराणी मला नीट बोलता येत नाही, पण त्या दिवशी सगळी कळली. मी रडायला लागले. अम्मी मात्र भिंतीला पाठ लावून खाली फरशीवर बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

अंगातलं पाणी कमी झालं होतं. सलाईन लावलं, एक रात्र ठेवून घेतलं. संध्याकाळपर्यंत बाळ पुन्हा हलायला लागलं, आधी हळू, मग नेहमीसारखं. वसीम आला, माझ्यावर चिडला, मग बाहेर जाऊन डोळे पुसून आला. घरी आल्यावर माझी पत्र्याची खोली बंद झाली. खाली अम्मींच्या खोलीत माझा पलंग आला, पाण्याच्या घागरी वसीमकडे गेल्या.

मॅडम म्हणाल्या होत्या, "चित्र मी दुसऱ्या कोणाला देते." मी नाही म्हणाले. का, ते नीट सांगता येणार नाही. अर्धवट ठेवलं असतं तर त्या बायका तशाच माझ्या मागे राहिल्या असत्या. दोन दिवसांनी अम्मींच्या पलंगावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. या वेळी पत्रिका उघडली नाही. अम्मी भाजी निवडत शेजारी बसल्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नाही, मराठीही वाचता येत नाही. त्यांनी चष्मा लावला आणि स्क्रीनकडे बघितलं.

त्या सगळ्या ओळींवरून नजर फिरवत गेल्या. मग बोट न लावता, लांबूनच दाखवत म्हणाल्या, "हा सूरज. हे पत्र्याचं घर. या सगळ्या पेटसे आहेत."

"हो."

"इथे काहींना रंग देणार तू?"

"हो, अम्मी."

"ज्यांचं बाळ गेलं त्यांना."

मी मान हलवली. मी इतकी चित्रं काढली, प्राध्यापकांनी वाखाणली, पण शब्दाशिवाय चित्र वाचणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. आणि मी घाबरले, कारण त्या पुढे काय म्हणणार हे मला एकदम कळलं.

"वसीमच्या आधी मला एक मुलगी होती," अम्मी म्हणाल्या. "आठव्या महिन्यात. हेच दिवस होते. पत्र्याचंच घर होतं. दोन दिवस हलली नाही, मी कोणाला बोलले नाही. मग दाईने सांगितलं." त्या मेथीची पानं खुडत राहिल्या. "माझी सास म्हणाली, तू दुपारची चिंचेखालून गेलीस. गेले होते मी. विहिरीची वाटच तिकडून होती. सगळ्यांनी तेच म्हटलं. वसीमचे अब्बा काही म्हणाले नाहीत, पण तसं नाही असंही म्हणाले नाहीत."

वसीमला हे माहीत नव्हतं. मोहल्ल्यात कोणाला आठवत नव्हतं.

"दुल्हन, तू शिकलेली आहेस. सांग. ती गर्मीने गेली का?"

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. मला हो म्हणायचं होतं. हो, अम्मी, गर्मीने गेली, चिंचेने नाही, तुम्ही सुटलात. एवढंच म्हणायचं होतं आणि एक म्हातारी बाई मोकळी झाली असती. पण निबंध शंभरांचं सांगतो, एकीचं सांगत नाही. खोटा बाण काढला आणि त्यांनी तो उद्या तपासला तर? त्या तपासणार नव्हत्या. तरी मला भीती वाटली. त्यांची नाही, त्यांच्या विश्वासाची.

"एकीचं सांगता येत नाही, अम्मी," मी म्हणाले. "असेलही. या दिवसांत असं जास्त होतं, इतकं नक्की कळलंय."

त्यांचा चेहरा पडला. मी घाईने पुढे म्हणाले, "पण मी हे सगळं तीनदा वाचलंय. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. बाईची चूक असं यात कुठेच लिहिलेलं नाही. चिंच तर नाहीच नाही."

"कुठेच नाही?"

"कुठेच नाही."

त्यांनी चष्मा काढला. मेथीची जुडी तशीच ठेवून त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या, आणि अस्रची, म्हणजे दुपार कलल्यावरची नमाज होईपर्यंत बाहेर आल्या नाहीत. मी त्या दुपारी बायका रंगवल्या. हळदीचा रंग घेतला. ओळीने नाही रंगवल्या, शंभरांत विखरून रंगवल्या, इथे एक, तिथे एक, कशाही. मॅडमना ते आवडलं.

मरियम जून लागता लागता आली, दिवस भरायला काही आठवडे असताना. लहानशी होती, तळहाताएवढं डोकं. काचेच्या पेटीत ठेवली होती आणि मी बाहेर उभी राहून तिची छाती वर-खाली होताना मोजत होते. मग ती घरी आली. आता शाळेत जाते, भांडते, आंबा सालीसकट खाते. त्या उन्हाळ्याचं तिला काही देणंघेणं नाही.

ते चित्र बरंच फिरलं. मी नंतर पुष्कळ चित्रं केली, केळीच्या रोगाची, पाण्यातल्या क्षारांची, शाळेतल्या मुलींच्या अंगातल्या कमी रक्ताची. प्रत्येक वेळी शंभर माणसं काढताना थोडा वेळ थांबते. ती भीती गेली नाही, आणि गेलेली मला चालणारही नाही.

या वर्षीची गोष्ट. आमच्या गल्लीत तीन घरं सोडून एक नवी सून आहे, नशिराबादची. गेल्या आठवड्यात तिचं बाळ पोटातच गेलं. गल्लीत कुजबुज सुरू झाली, ती भर दुपारी माहेरी गेली होती म्हणे, बसने, एकटी. म्हणे पपई खाल्ली होती. म्हणे ग्रहणात सुई हातात घेतली होती. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडलेली, चार दिवस कोणाशी बोलली नव्हती, डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं.

परवा दुपारी अडीचच्या उन्हात अम्मी उठल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या हल्ली दारापर्यंतसुद्धा जात नाहीत. बुरखा घातला, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "चल." तीन घरं चालायला आम्हाला बराच वेळ लागला. आत बायका बसलेल्या होत्या, बोलत होत्या, अम्मींना बघून सरकल्या. अम्मी सरळ त्या पोरीच्या पलंगाच्या कडेला बसल्या. तिच्या केसांवरून हात फिरवला. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"बेटी, तेरी गलती नहीं थी. पढ़े-लिखे लोगों ने देखा है. कहीं नहीं लिखा."

पोरीने हळूच मान वळवून अम्मींकडे बघितलं. मग ती रडायला लागली, मोठ्याने, लहान मुलासारखी, आणि अम्मी तिला थांब म्हणाल्या नाहीत.